अठ्ठ्याण्णव पेन्स

ग्रिम्सबीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
ड्युल्सी गारसाइड बँकेची पत्रं पसरून बसली आहे.
खातं दरमहा पाच पौंड घेतं
आणि बिलांमागे थोडं थोडं परत देतं:
कौन्सिल टॅक्सवर शेकडा एक, गॅस-विजेवर दोन,
फोन-टीव्हीवर तीन.

हे विल्फनं शोधलेलं.
लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब मांडून
त्यानं जाहीर केलं होतं: महिन्याला
एक पौंड तेहतीस नफा!
जणू बँकेचा खिसाच कापून आणला.
"एवढ्यात चिप्सही येत नाहीत."
"अर्धे येतात," तो म्हणायचा.

आता एकट्या माणसाला टॅक्समध्ये पाव सूट.
फुटबॉलची वाहिनी बंद,
वरच्या खोलीत हीटर नाही,
आंघोळीचं पाणी एकाचंच.
बिलं उतरली, तसा परतावाही उतरला.

चष्मा पुसून ती पुन्हा बेरीज करते.
चार पौंड दोन.
म्हणजे दरमहा अठ्ठ्याण्णव पेन्सचा खड्डा.

बँकेतली पोरगी फोनवर गोड बोलते:
"बिनशुल्क खातं देऊ का बदलून?
नाव मात्र एकच येईल, तुमचं."

ड्युल्सी पत्रावरची छापील ओळ बघते.
डब्ल्यू. आणि डी. गारसाइड.
विल्फ असता तर खेकसला असता,
बंद कर, आजच्या आज!

"या महिन्यापुरतं राहू दे," ती म्हणते.
मागच्या महिन्यातही हेच म्हणाली होती.

मग गुडघ्यावर हात टेकत जिना चढते,
वरच्या खोलीतला हीटर लावते.
"शेकडा दोन," पुटपुटते,
आणि पलंगाच्या तिच्या बाजूला बसते.