आवक-जावक

त्रिंबक रोडला, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला
बोरस्त्यांचं भाड्याचं ऑफिस.
जिन्यात रबराचा वास, वर फोमचा.
तिसऱ्या मांडणीत, खालून दुसऱ्या फळीवर माझी पेटी,
एका बाजूला लाइट स्टँड,
दुसरीकडे कुणा मालेगावकराचा जनरेटर.

पेटीत पाच लेन्स.
अंबडच्या कंपनीनं गेटला कुलूप लावलं
तेव्हा हातात आलेल्या पैशातून
घराचा स्लॅब करायचा होता.
मी काचा आणल्या.
ही काही बोलली नाही.
श्रावणात गळतीखाली पातेली मांडताना
एवढंच विचारायची,
ही किती एमएमची?

सिनेमा करायचा होता.
अजूनही करायचाच आहे.
तोवर करार केला बोरस्त्यांशी,
साठ मला, चाळीस त्यांना, दर दहा तारखेला.
फुटलं तर फोडणाऱ्यानं भरायचं.
ओरखडा म्हणजे नैसर्गिक झीज,
आणि कुठला ओरखडा नैसर्गिक
ते बोरस्ते ठरवणार.

महिन्यातून एकदा जातो, पेटी उघडून बघतो.
पस्तीसच्या रिंगेत हळद अडकलेली. लग्न.
झाकणाच्या खाचेत गंधकाची पूड,
म्हणजे कुणीतरी द्राक्षबागेत शिरलं होतं फवारणीच्या दिवशी.
फोमखाली टेपचा तुकडा,
त्यावर बॉलपेननं: ताई, इकडे बघा.
कुठली ताई. बघितलं का तिनं.

एकदा टीव्हीवर तूरडाळीची जाहिरात लागली,
आणि कोपऱ्यात दिवा आला तसा
जांभळा, किंचित चपटा ठिपका.
मी ताटावरून उठून उभा राहिलो.
काय झालं हो?
म्हटलं, आपली पंच्याऐंशीची.
हिनं डाळ वाढली.

या मार्गशीर्षात कळलं,
कंपनीच्या शेडमधली यंत्रं लिलावात चाललीत. मंगळवारी.
एकोणीस वर्षं ज्या लेथवर उभा होतो तीही.
वॉचमन पवार ओळखीचा, आत सोडीन म्हणाला.

गेलो त्रिंबक रोडला.
काउंटरवर नवी मुलगी, ऋजुता शौचे, गळ्यात ओळखपत्र.
आधार कार्ड? डिपॉझिट?
म्हटलं, ती पेटी माझीच आहे.
काका, इथं सगळेच तसं म्हणतात.
मी फॉर्म भरला.
भाड्यानं घेणाऱ्याचं नाव: सुधाकर पुंजाजी गायखे.
साहित्याच्या मालकाचं नाव: सुधाकर पुंजाजी गायखे.
तिनं दोनदा वाचलं.
चुकून एकाच रकान्यात दोनदा लिहिलंत का?
मग आत जाऊन बोरस्त्यांना विचारून आली,
कानाच्या पाळ्या लाल.
मालकाला दहा टक्के सूट आहे म्हणाली.
पण मंगळवारी ती बाहेर आहे, ओझरला, आधीच बुकिंग.
बुधवार चालेल?

बुधवारी शेड रिकामी होती.
नुसती रिकामी नाही, झाडलेली.
माझ्या लेथच्या जागी जमिनीत चार बोल्ट,
मधे तेलाचा लांबट चौकोन,
आणि ज्या जागी मी उभा राहायचो
तिथं लादी जराशी खोल.
पन्नासची लावली. तिपाई खाली घेतली.
उन्हं पत्र्याच्या भोकातून येऊन
चौकोनावरून सरकत होती, तेवढंच हलत होतं.
पवार म्हणाला, हे काय काढताय?
म्हटलं, थांब जरा, बोलू नकोस,
आवाज येतोय.
मग वाटलं, आवाज घेतच नाहीये आपण.

साडेसहाला निघालो. सातनंतर अर्ध्या दिवसाचं जादा भाडं.
मुंबई नाक्याला अडकलो, चार मिनिटं राखून पोचलो.

ऋजुतानं टॉर्च लावून एकेक काच तपासली.
काका, पन्नासवर बोट लागलंय. तेलकट.
म्हटलं, हो.
साफसफाईचे शंभर. ते वाटणीत येत नाहीत.
दिले.
तिनं नोंदवही ओढली,
आवकच्या रकान्यात लिहिलं: नग पाच, ठीक.
आणि पलीकडे, जावकमध्ये, शनिवारची तारीख,
सिन्नरची कुणी पार्टी,
माझ्याच समोर.