पाचशे पंचेचाळीस

पंप चौऱ्याहत्तर डॉलरचा.
तळहातावर मावतो.
बोटभर दांडा, एक पंखा, एक बेअरिंग,
आणि पोटाखाली बारीकसं भोक.
बेअरिंग गेलं की तिथून पाझरायला लागतं,
मालकाला कळावं म्हणूनच ते ठेवलेलं.

लोरेटच्या गाडीनं तीन आठवडे कळवलं.
बर्फावर हिरवा डाग.
हीटरमधून गोडसर वास, मग नुसता गार वारा.
तिला वाटलं, यंदा थंडीच जास्त.
शेवटी कॅरिबूच्या रस्त्यावर, पहाटे,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून येताना
काटा लाल रेघेला टेकला
आणि ती उतरून उभी राहिली,
बटाट्याच्या उघड्या शेतात, उणे वीस अंशांत,
वाफाळणाऱ्या बॉनेटवर हात शेकत.

मी कागद पुढे ओढला.
पंपापर्यंत पोचायचेच खरे पैसे आहेत, म्हटलं.
रेडिएटर मोकळा करायचा, पंखे काढायचे,
मग पुलीचा तो हट्टी बोल्ट,
झाकणं तीन, मग पट्टा,
आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला पाठ लावून, तो.
चार तास. तासाला नव्वद.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
पट्टा निघालाच आहे तर नवाच घालू, अठ्ठेचाळीस.
("निघालाच आहे तर":
या तीन शब्दांवर आमच्या धंद्याचं छप्पर उभं आहे.)
गास्केट सहा. थर्मोस्टॅट एकोणीस.
कूलंटचे दोन कॅन, अडतीस.

बेरीज तिनं माझ्याआधी केली,
समोरून, उलटे आकडे वाचत.

भंगारवाला अख्ख्या गाडीचे तीनशे देतो.
तिला माहीत होतं, मलाही.
ते कुणीच काढलं नाही.
ती एवढंच म्हणाली, "किती हिवाळे निघतील?"
दोन लाख बारा हजार मैल झालेल्या गाडीबद्दल
असा प्रश्न पाद्रीला विचारावा.
मी म्हटलं, पंप तरी निघेल.

दुपारी मधलं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला, काळ्या प्लास्टिकवर,
पांढऱ्या रंगाच्या पेननं लिहिलेलं:
पट्टा, पंप, १,०७,०००. खाली र.
सातच्या कमरेला आडवी रेघ,
शाळेत फ्रेंच नन्सनी लावलेली सवय,
माझी सुटली, रेआलची सुटली नाही.
भाऊ जाऊन पाच वर्षं झाली.
त्याचं जॅकेट मी देऊन टाकलं, पाने वापरून झिजवले,
आणि हे अक्षर गावातून फिरत होतं,
रोज चव्वेचाळीस मैल,
इंजिनाच्या उबेला.

त्यानं बसवलेला पंप एक लाख पाच हजार मैल चालला.
पुस्तकात लिहिलंय तेवढाच, वर एक हिवाळाही नाही.
तसाच होता तो. दिलं तेवढं चोख,
मग अचानक.

बराच वेळ मी झाकण हातात धरून बसलो.
तो वेळ बिलात धरला नाही.
धरायचा कशाखाली?
मग कापडानं पुसायला गेलो आणि थांबलो.
त्याच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली:
पट्टा, पंप, २,१२,०००.
अक्षर लावायचं राहिलं. मग म्हटलं, राहू दे,
पुढचा जो उघडेल त्याला काय करायचंय.

संध्याकाळी गाडी नदीपर्यंत नेऊन आणली.
पलीकडे कॅनडातले दिवे लागले होते.
काटा मधोमध. हीटर असा, की खिडकी उघडावी लागली.

लोरेटनं दीडशे मोजले.
उरलेले दर शुक्रवारी वीस, पाकिटात घालून.
कागद केला नाही.
नियमाप्रमाणे जुना पंप दाखवला.
तिनं बोटानं फिरवला, करकरला.
"एवढंच होतं?"
"एवढंच."
"मग हा मी नेते," ती म्हणाली,
"पाचशे पंचेचाळीस दिले, घरी काहीतरी न्यायला हवं."

मी नाही म्हणणार होतो.
कारण सांगावं लागलं असतं.
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
तिनं तो शेजारच्या सीटवर ठेवला
आणि गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली.