पाचवं कार्ड

कोर्टाच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून
माझं टेबल होतं.
आठवड्याला बासष्ट डॉलर
आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यात फुकटची ऊब.
व्हिएतनाम मला नकाशावर दोनदा शोधावा लागला;
शेंगेसारखा वाकडा देश,
माझ्या करंगळीखाली पुरता झाकला जायचा.

पत्राचा पहिला शब्द छापूनच यायचा : अभिवादन.
खालचं नाव मी टाइप करायचे.
मशीनचा ‘ई’ जरा वर उडायचा,
त्यामुळे पीटरसन, नील्सन, येन्सन, सगळी पोरं
थोडी अडखळतच सैन्यात गेली.

बोर्डावर पाच सभ्य गृहस्थ.
महिन्यातून एकदा जमायचे, टोप्या मांडीवर ठेवून.
कम्युनिस्टांना तिथे अडवलं नाही
तर उद्या ते इथे येतील, असं दंतवैद्य म्हणायचा.
इथे?
आमच्याकडे तर रेल्वेसुद्धा यायची बंद झाली होती.

सदुसष्टच्या मार्चमध्ये वरून आकडा आला : चार.
चौथं कार्ड ड्वेन ऑफर्डालचं.
जानेवारीत त्याचा बाप गोठ्यातच कोसळला होता.
मागे चाळीस गाई, आई,
तीन बहिणी, त्यातली थोरली नऊ वर्षांची.
त्यांचा अर्ज आला, तो फेटाळला गेला,
चार विरुद्ध एक, कॉफी संपायच्या आत.

सगळे गेल्यावर मी बॉयलरची घरघर ऐकत बसले.
मग चौथं कार्ड पाचव्याच्या मागे सरकवलं.
एवढंच. बोटाच्या पेराएवढंही अंतर नाही.
खाडाखोड नाही, खोटी सही नाही,
आकडा चारचा चारच राहिला.

पाचवा आर्विड स्कूग.
पेट्रोल पंपाच्या वरच्या खोलीत राहायचा.
त्याच्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता
कारण करायला कोणी नव्हतंच.
एकदा बर्फात त्याने माझ्या गाडीचं चाक बदललं होतं
आणि पैसे घेतले नव्हते.
हे मला त्याचं पत्र टाइप करताना आठवलं.
तरी मी टाइप केलं.
त्याच्या नावात ‘ई’ नव्हता.
एकही अक्षर अडखळलं नाही.

पहाटे बस आली. चौघांच्या हातात
चर्चच्या बायकांनी दिलेले सँडविच.
त्याने खिडकीतून हात केला, मलाच केला की
मागे उभ्या असलेल्या कुत्र्याला, देव जाणे.

पुढच्या फेब्रुवारीत हिरवी सरकारी गाडी
पत्ता विचारत कोर्टात आली.
तरुण अधिकारी, नवेकोरे बूट, तळघराच्या पायऱ्या.
मी फाइल काढून दिली.
जवळचे नातेवाईक : या रकान्यात
माझ्याच मशीनवर एक शब्द होता. नाहीत.
तो टोपी हातात धरून उभा राहिला.
बातमी कोणाला सांगायची हे त्याला कळेना,
म्हणून त्याने मला सांगितली.

त्यानंतर गाव दुभंगलं. चर्चमध्ये
मधल्या वाटेच्या डावीकडचे आणि उजवीकडचे
एकमेकांना मीठसुद्धा देईनात.
एका रात्री आमच्या ऑफिसच्या दारावर
कोणीतरी लाल रंग ओतला.
माझी मुलगी त्या शनिवारी मिनियापोलिसहून आली होती,
तिच्या नखांत रंग होता.
मी विचारलं नाही.
तिने विचारलं असतं, तर मला
सांगावं लागलं असतं.

ड्वेन अजून येतो, दर ऑक्टोबरला,
भोपळा घेऊन. आता कानात यंत्र आहे त्याच्या.
तेव्हा नशिबाने हात दिला, म्हणतो,
नाहीतर माझा नंबर लागलाच होता बघा.
मी म्हणते, कॉफी घे.
नातवंडांचे फोटो दाखवतो. मी सगळे बघते,
एकही घाईने उलटत नाही.

जाताना माझ्या गाडीपाशी थांबून
चाकाला बुटाने हलकेच ठोकतो.
हवा कमी आहे, वर्ना, भरून देऊ का?
मी म्हणते, राहू दे.