मेसची वही

रुवीत सुट्ट्या पैशाला बैसा म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं होतं.
आमच्याकडे दारात आलेल्याला म्हणतात तसं :
बैसा.
हजार बैसा म्हणजे एक रियाल.
आमच्या खोलीत एकही बसला नाही.

सहा खाटा, एक एसी, एक शेगडी,
आणि मेसची वही माझ्याकडे,
कारण अक्षर बरं, आणि मी परकार,
दाभोळचा, हिशेबाला पक्का.
माणशी महिना अठरा रियाल.
डिंगणकरच्या नावापुढे मार्चपासून
"देतो" लिहिलंय.
माझ्याच अक्षरात.

रघुवीर डिंगणकर, गाव पालशेत.
लॉन्ड्रीत दिशदाशांना इस्त्री करायचा,
दिवसाला शंभरेक,
एकीलाही चुणी नाही.
उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग.
त्याच अंगठ्यानं रात्री
चादरीत डोकं घालून पत्ते ओढायचा.
चादर आतून निळी पेटायची.
मी कूस बदलायचो, म्हणायचो,
उजेड कमी कर रे.
एवढंच म्हणायचो.

सुरुवातीला जिंकला होता, हे सांगायला हवं.
एका गुरुवारी एकशे चाळीस रियाल, एका रात्रीत.
हमरियातून मटण बिर्याणीचं पातेलं मागवलं त्यानं,
सहाही जणांनी ओरपलं.
मी दोनदा घेतली.
कुणीतरी म्हणालं, आम्हालाही शिकव की.
वहीत मी लिहिलं : आज मेस बंद, डिंगणकरतर्फे.
खाली दोन रेघा मारल्या.

पुढचं वहीत नाही.
आगाऊ पगार, मग त्यावर आगाऊ.
लॉन्ड्रीमागे गाडीत बसून व्याजानं देणारा एक,
त्याच्या खिशात डिंगणकरचा बताका.
मग शैलावहिनींचे फोन माझ्यावर.
"भावजी, तिकडे पगार थांबलेत का हो?
पोरीच्या नर्सिंगची फी भरायची सोमवारी."
मी म्हणालो, कंपनीचं जरा लांबलंय.
तो समोरच बसलेला,
तळव्यानं उशीचा अभ्रा सपाट करत.
"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल," वहिनी म्हणाल्या.
हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकू
अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये मोतालेब परातीवरून पडला,
कुमिल्लाचा, पलीकडच्या खोलीतला.
त्याच्या घरी पाठवायला जमवले आम्ही
दोनशे बारा रियाल, सहाशे बैसा.
सहाशे बैसा जिना झाडणाऱ्या पोराचे,
खिसा उलटा करून दिलेले.
दूध पावडरच्या डब्यात घालून
डबा तांदळाच्या गोणीमागे.
शुक्रवारी नमाजाहून आलो.
डबा जागेवर. झाकण घट्ट.
आत सहाशे बैसा.

नाणी ठेवली होती त्यानं.
फोनवरच्या डावाला नाणी चालत नाहीत.

कुणी हात उचलला नाही.
कुकरची शिट्टी झाली, कुणी गॅस बंद केला नाही.
तो म्हणाला, "परकारभाई, परत येणारच होते.
एक हात लागायचा होता फक्त."
आणि तो खोटं बोलत नव्हता.
मला भीती वाटली ती तेव्हा.
बसची वेळ सांगावी तसं सांगत होता तो,
चुकली एवढंच, दुसरी येईल.

संध्याकाळी दारात उभा होता, चपला हातात.
आत यायचं की जायचं, विचारत नव्हता.
पाच जण आपापल्या खाटेवर, माना मोबाइलात.
तो शब्द माझ्या तोंडात होता.
इतकी वर्षं वापरलेला, दाभोळचा, आईच्या तोंडचा.
एसीचं पाणी बादलीत टपटपत राहिलं.
मी तो गिळला.

सकाळी त्याची खाट रिकामी,
चादरीची घडी दुकानातल्यासारखी.
दोनशे बारा आम्ही पुन्हा जमवले,
पाच जणांत, दोन महिने लागले.
वहिनींचा नंबर अजून वाजतो.
काल रात्री वही काढली,
माझ्या नावाखाली लिहिलं :
बिर्याणी, दोन ताटं.
रक्कम लिहायची राहिलीय.