लाभ, दोन, तीन

विश्रामबागेत, दातांच्या दवाखान्यामागं
पत्र्याखाली कोमट पाण्याचा एक हौद आहे.
हौद नाही काका, पूल म्हणायचं,
शिरीन मुल्ला पहिल्याच दिवशी म्हणाली.
म्हटलं, बरं. पूल तर पूल.
आयर्विन चालत ओलांडून मला वर्ष झालं,
हा तरी ओलांडू.

एकतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
कानावर पेन्सिल, काट्यावर डोळा,
नाकपुड्यांत हळद.
दर कुणाचा, सौदा कुणाचा, मला काय त्याचं;
किती, एवढंच सांगायचं माझ्याकडं.
निम्मा गुडघा उभं राहण्यात गेला.
उरलेला नेला थप्पीवरून सुटलेल्या पोत्यानं:
छपन्न किलो तीनशे.
मीच मापलं होतं, घटकाभर आधी.

शिरीन म्हणते, छातीभर पाण्यात उतरलात की
तुमचं वजन राहतं जवळजवळ पाव.
मी शिडीची दांडी धरून थांबलो.
पाव?
बहात्तरचे अठरा?
आणि चोपन्न किलोची तूट कुणाच्या नावावर?
पावती नाही, सही नाही,
पोरगी नुसती हसते.

आमच्यात उलटं असतं बाई.
ओली हळद काट्यावर जास्त भरते,
म्हणून कडता धरतात.
पाणी म्हणजे लबाड वजन,
हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक.
एकोणीस साली कृष्णा गोदामात शिरली,
आठवड्यानं शटर उघडलं
तेव्हा चौघांना एक पोतं हलेना.
पिवळा चिखल, त्याचा वास,
आणि भिंतीवर माझ्या कपाळाच्या वर ओढलेली रेघ.
तेव्हापासून पाण्याशी माझं बोलणं बंद होतं.
आंघोळीपुरता व्यवहार.

आता त्याच पाण्यात उभा आहे, पोरानं आणलेल्या
जांभळ्या चड्डीत.

पाय पुढं. पाय मागं.
दहा मोजा, ती म्हणते.
मी म्हणतो: लाभ.
शेजारी श्रावस्ती कांबळे, खो-खोची,
खुंटाजवळ वळताना गुडघ्यातली दोरी तुटलेली,
फसकन हसते. काका, एक म्हणा की!
एक म्हणत नाहीत, बाळ.
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं.
मग दोन, मग तीन.
पलीकडून आवटी बाई, गणिताच्या, निवृत्त,
आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातलेल्या,
तोही पाण्यात जायला म्हणून,
म्हणाल्या, असा अंक नसतो हो.
नसेल.
पण परवा खुब्यातून कळ आली तेव्हा
डोळे मिटून, ओठातल्या ओठात
त्यांनीही सुरुवात लाभनंच केली.
मी ऐकलं. बोललो नाही.
मापाड्यानं सगळंच मोठ्यानं सांगायचं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात शिरीन म्हणाली,
आता नुसत्या डाव्यावर उभे राहा.
डावा म्हणजे तोच.
मी उजवा उचलला.
पाण्यानं काखेत हात घातला,
एखादा हमाल दुसऱ्याला न बोलता
पोतं उचलू लागतो ना, तसा.
काटा थरथरला, थरथरला,
मधे आला.
पासंग न लावता.

बाकीचं वजन कुठं जातं ते मला अजून कळलेलं नाही.
आवटी बाईंनी काठावर बोटानं ओलं सूत्र काढून दाखवलं,
वाचेपर्यंत वाळून गेलं.

खरं कळतं ते बाहेर पडताना.
शिडीच्या खालच्या पायरीवर कंबर जड,
मधल्या पायरीवर मांड्या,
वरच्या पायरीवर बहात्तरच्या बहात्तर
गुडघ्यावर येऊन बसतात,
ठेवायला दिलेला माल
कुणी इमानदारीनं परत करावा तसे.
एक ग्रॅम कमी नाही.
कळ आहेच. पण कालच्यापेक्षा
कडता धरण्याइतकी.

टॉवेल खांद्यावर टाकतो.
कानाकडं हात जातो, पेन्सिल नसते.
ओल्या फरशीवर सावकाश निघतो,
दारापर्यंत बारा पावलं.
लाभ.
दोन.