उडी मारायची नाही

वॉल्व्हिस बेला सकाळ धुक्यातच उजाडते.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळवंट,
मधे आमचं शीतगृह, उणे पंचवीस,
जिथे मासळीच्या पेट्या
आमच्या वस्तीतल्या घरांपेक्षा सरळ रांगेत उभ्या.

अकरा वर्षं मी फोर्कलिफ्ट चालवली, कागदाविना.
शिकवलं कुणी? कुणीच नाही.
टांगेनी चालवायचा, मी बघायचो.
एकदा तो जेवायला गेला आणि किल्ली तशीच राहिली.
एवढंच माझं शिक्षण.

साहेब म्हणाले, "शिकोंगो, दोन दिवस वर्ग, मग परीक्षा."
मला आधी हसू आलं, मग राग.
पन्नाशी उलटल्यावर बाकावर?
शेजारी तुयाकुला, वय बावीस,
परवापर्यंत बॅटरी कशी बदलायची ते मला विचारणारी.
साहेबही काही खूश नव्हते.
फी त्यांच्या खिशातून, दोन गाड्या रिकाम्या उभ्या,
आणि धक्क्याला जहाज लागलेलं.

गाओसेस बाईंनी खडूने फरशीवर त्रिकोण काढला.
पुढची दोन चाकं, मागच्या आसाचा मध्य.
"तोल या तीन रेघांच्या आत असतो.
ओझं वर नेऊन वळलात की तो कडेकडे सरकतो.
रेघ ओलांडली की गाडी तुमची राहत नाही."
माझ्या हातांना हे ठाऊक होतं.
पण हातांना बोलता येत नाही,
दुसऱ्या हातांना ते काय सांगणार.

मग त्यांनी विचारलं,
"गाडी उलटायला लागली, तर?"
सगळ्यांत आधी माझा हात वर.
"उडी मारायची."

"नाही," बाई म्हणाल्या. "पट्टा बांधलेला, तसंच बसून राहायचं.
स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे,
गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचं.
उडी मारणारा तिच्याच खाली सापडतो."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला.
मी हात खाली घ्यायचा विसरलो.

टांगेनीने उडी मारली होती.
तीन नंबरच्या दाराशी, उतारावर, बर्फाळ फरशीवर.
मीच ओरडलो होतो, "मार उडी!"
त्याला ऐकू जावं म्हणून
छाती फुटेस्तोवर ओरडलो होतो,
आणि त्याला ऐकू गेलं.

तुयाकुलाला शहाण्णव, मला एकाहत्तर.
पास व्हायला सत्तर लागत होते.
कार्डावरच्या फोटोत मी
कुणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखा दिसतो.

पुढच्याच आठवड्यात जहाजाची घाई.
"दोन्ही पॅलेट एकदम उचल," मुकादम म्हणाला.
तुयाकुलाने गाडी बंद केली, खाली उतरली,
मास्टवरच्या पत्र्यावर बोट ठेवलं.
"इतकं वर न्यायचं तर सोळाशे किलो. इथे लिहिलंय."
भांडण नाही, आवाज नाही.
मी अकरा वर्षांत तो पत्रा
फक्त पुसला होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं, मग पत्रा.
दोन खेपा झाल्या. बारा मिनिटं गेली.
जहाज तसंही धुकं हटेपर्यंत थांबलं असतं.
तीन महिन्यांनी साहेब स्वतःच बोलले:
फुटलेल्या पेट्या निम्म्यावर, वाकलेला रॅक एकही नाही,
विमावाल्याचं पत्रही या वेळी गोड.
त्यांना शहाणपण हिशेबाच्या वहीतून आलं.
कुठूनही येवो.
पगारात वाढ झाली ती थोडकीच,
पण आता दुसऱ्या कुठल्याही गोदामाच्या दाराशी
मी नुसता शिकोंगो म्हणून उभा राहणार नाही.

जेवायला जाताना किल्ली मी खिशात घालतो.
होसेआ, नवा पोरगा, खांबाशी उभा राहून
रोज माझे हात बघत असतो.
पुढच्या वर्गासाठी त्याचं नाव दिलंय.
तोवर खडूचा एक तुकडा दिलाय त्याला,
आणि सांगितलंय, काढ त्रिकोण.
आज त्याने तो तीन नंबरच्या दाराशी काढला.
मी वळसा घालून गेलो.