फलाट सात

इग्नासियाने पिझ्झाच्या खोक्यावर अख्खं वाल्पराइसो काढलंय.
बंदराची भिंत नऊच्या आत,
नंतर क्रेनची सावली पडते.
मग टेकडीची लिफ्ट, चालू असली तर.
गच्ची मिळाली,
पण वाळत घातलेल्या चादरी
काढणार नाही म्हणाली डोन्या एल्बा.
असू देत, हलतील मागे.

कॅमेरा कॉलेजचा, पाचला परत.
ड्रम न्यायला मासळीवाल्याची हातगाडी.
वास काही शूट होत नाही, नशीब.

शेवटचा शॉट बस स्टँडवर, फलाट सात.
"तिथं नको," नाहुएल म्हणाला.
गाणं त्याचंच.
का, ते कुणी विचारलं नाही.

इग्नासियाने सात खोडला,
वेळ मात्र तशीच ठेवली:
सव्वाचार ते साडेचार.
पुढे कोरा पुठ्ठा,
थोडा तेलकट.